सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि त्याखालचा देवगांडूळ

मृगाच्या आगेमागे कोकणात दोन कामे एकाच वेळी चालू असतात. खाली मळ्यात नांगर फिरत असतो आणि वर सड्यावर, पावसाने जोर धरण्याआधी उरकायचे म्हणून, जेसीबी खडखडत असतो. या दोन्ही ठिकाणी ढेकळाबरोबर कधीमधी एक वीतभर लांबीचा, ओलसर, चकचकीत जीव वर येतो. अंगावर वेढे असतात, डोळे धड दिसत नाहीत, तोंड कुठले आणि शेपूट कुठली हे पटकन कळत नाही. मग कुणीतरी ओरडतो, "दुतोंड्या हाय, मार!" फावड्याचा एक घाव बसतो आणि काम पुढे चालू होते.

तो दुतोंड्या नव्हे, वाळा नव्हे आणि गांडूळही नव्हे. अभ्यासक मंडळी त्याला देवगांडूळ म्हणतात. तो बेडकाचा भाऊबंद आहे, म्हणजे उभयचर. फरक एवढाच, की त्याला पाय नाहीत आणि त्याचे सारे आयुष्य मातीत जाते. ओळखायला अवघड नाही. गांडुळाला हाड नसते, जबडा नसते. देवगांडुळाला पाठीचा कणा आहे, जबडा आहे आणि त्यात बारीक दातांच्या रांगाही आहेत. वाळ्याचे अंग कोरडे आणि खवल्यांनी गुळगुळीत असते, तो जीभ बाहेर काढतो. देवगांडुळाचे अंग ओले, बुळबुळीत. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध त्याला एक बारीकशी मिशी असते. ती बाहेर काढून तो अंधारात वास आणि स्पर्श दोन्ही घेतो. असा अवयव दुसऱ्या कुठल्या पाठकण्याच्या प्राण्याला नाही. माणसाला त्याच्यापासून कसलाही धोका नाही. वाळवी, मुंग्या, गांडुळे, किड्यांच्या अळ्या हे त्याचे खाणे. जगात याच्या सव्वादोनशेच्या आसपास जाती माहीत आहेत, भारतात चाळीसएक, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात.

शाळेतली पोरे हल्ली मोबाइलवर सॅलॅमँडर बघतात आणि विचारतात, आपल्याकडे हा असतो का? नाही. पालीसारख्या अंगाचा, शेपटीचा, पण बेडकाच्या कातडीचा तो उभयचर भारतात फक्त हिमालयाकडे आणि ईशान्येत आहे, म्हणजे दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल, मणिपूर या बाजूला. कोकणात पालीसारखे जे जे दिसते ती एक तर पाल, नाही तर सरडा, नाही तर सापसुरळी. तिघेही सरपटणारे, उभयचर नव्हेत. सॅलॅमँडर आपल्याकडे का नाही, याचे उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे. तो मूळचा उत्तरेकडच्या भूखंडांचा रहिवासी. आपली भूमी दक्षिणेच्या गोंडवन भूखंडातून सुटून आलेली. ती येऊन आशियाला भिडली तेव्हा इथे आधीपासून बेडूक होते, देवगांडूळ होते, सॅलॅमँडर नव्हता. तो वरून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

देवगांडुळाचे नातेवाईक कुठे आहेत ठाऊक आहे? मुरुडच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात, तर अरबी समुद्र ओलांडून खूप दूर, आफ्रिकेच्या बाजूला, सेशेल्स नावाची बेटे आहेत. तिथल्या मातीत देवगांडूळ आहेत आणि ते आपल्याकडच्या देवगांडुळांच्याच कुळातले आहेत. कासव पोहत जाईल; देवगांडूळ जाणार नाही. त्याची कातडी उघडी, खारे पाणी त्याला मारते. मग तो गेला कसा? तो गेलाच नाही. जमीन गेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, आणि एकाच घराण्याचे दोन वाटे झाले. आपल्याकडे भावकीचे वाटे होतात तसेच म्हणा ना, फक्त मध्ये गडग्याऐवजी समुद्र आला. त्याच सुमाराला दख्खनच्या लाव्ह्याचे थरावर थर साचत होते. तो थंड झाला, त्याचा काळा दगड झाला, आणि त्या दगडाचा वरचा भाग युगानुयुगे पावसात कुजून आपला तांबडा जांभा तयार झाला. म्हणजे ज्या सड्याला आपण अनादि काळापासूनचा समजतो, त्याच्यापेक्षा त्याखालच्या या प्राण्याचे घराणे जुने आहे.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. २००३ साली रविचंद्रन, गोवर आणि विल्किन्सन या तिघा शास्त्रज्ञांनी एका देवगांडुळाची नवी जात जगापुढे मांडली. तिचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले डोर्ले. या प्राण्यांवर आपल्या देशात पूर्वी काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांचे नाव त्या जातीला दिले गेले. याच डोर्ल्याचे नाव आधीही एकदा जगाच्या पुस्तकात गेलेले होते. १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी कोकणच्या सड्यावरची, अंगावर पांढरे पट्टे असलेली एक छोटी पाल नवी म्हणून नोंदवली, तीही डोर्ल्याचीच. एका लहानशा गावाच्या नावावर असे दोन प्राणी. दुसऱ्या देशात असते तर गावाच्या वेशीवर फलक लागला असता. आपल्याकडे वेशीवर फलक लागतो तो वाढदिवसाचा.

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. २००८ साली डेव्हिड गोवर, तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत असलेले वरद गिरी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले धारणे व शौचे यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. शेषाचारांच्या नावाचा हा देवगांडूळ अंडी घालत नाही, मादी पिल्लांना जन्म देते, असे त्यांना आढळले होते. जिवंत पिल्ले देणारा आशिया खंडातला हा पहिलाच उभयचर. त्याआधी अशी उदाहरणे आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत माहीत होती, आशियात एकही नव्हते. त्याच वंशातल्या इतर जाती अंडी घालतात. मादी मातीतल्या बिळात अंड्यांना वेटोळे घालून राखण करते. मग एकाच घरातल्या एका बहिणीने अंडी सोडून पोटात पिल्ले वाढवायला कधी आणि का सुरुवात केली? प्राण्यांच्या जगात अंड्याकडून पोटाकडे जाण्याचा हा पल्ला किती वेळा, किती ठिकाणी स्वतंत्रपणे गाठला गेला, या मोठ्या प्रश्नाचा एक धागा रत्नागिरी जिल्ह्यातल्या मातीत सापडला. ब्राझीलमधल्या एका देवगांडुळाची मादी तर अंड्यातून निघालेल्या पिल्लांना दुधासारखा पातळ पदार्थ पाजते, असे २०२४ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. दूध म्हटले की आपल्याला गाय, म्हैस, शेळी आठवते. निसर्गाने तो धडा बेडकाच्या भाऊबंदालाही शिकवून ठेवला आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की ज्या जागेत हा प्राणी राहतो त्या जागेला आपल्या महसुली कागदावर नाव काय आहे? पोटखराबा. सातबारा काढा आणि बघा. लागवडीलायक क्षेत्र इतके, पोटखराबा इतका. सडा, कातळ, डोंगरउताराची दगडाळ जागा ही सगळी खराब. बोलण्यातही आपण "सड्यावर काय आहे, नुसता कातळ" असेच म्हणतो. ब्रिटिश अमलात जमिनीचा सारा ठरवायला म्हणून ही भाषा आली. ज्या जागेतून सारा मिळत नाही ती खराब, इतकाच तिचा अर्थ होता. सरकार बदलले, तलाठ्याचे नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले, पण पोटखराबा तसाच राहिला. आणि कागदावर जे खराब, ते सुधारायचे, फोडायचे, भरायचे, अशी आपली समजूत झाली.

पावसाळ्यात एकदा त्या खराब जागेवर जाऊन पाहावे. उन्हाळ्यात तापून लाल झालेला कातळ जूनमध्ये भिजला की जागोजागच्या खळग्यांत पाणी साठते. कुठे ओंजळभर, कुठे म्हैस डुंबेल एवढे. त्या पाण्यात बेडूक अंडी घालतात. पाणी आटायच्या आत त्यांची पिल्ले पाय फुटून बाहेर पडली पाहिजेत, म्हणून सगळे घाईघाईने चालते. सुट्या दगडांखाली पाली, विंचू, गोम, मुंग्या, फुरसे आणि ओलावा असेल तिथे देवगांडूळ. फुरशाचे नाव काढले की लोक दचकतात, आणि त्यात चूक नाही. कोकणात फुरशाने पुष्कळ माणसे गमावली आहेत. पण ज्या दगडाखाली फुरसे असते त्याच दगडाखाली जगात दुसरीकडे कुठे नसलेली पालही असते, हेही तेवढेच खरे. दगड हाताने न उचलता काठीने उलथावा, एवढी शिस्त पाळली तर दोघांचेही भागते.

आता बागायतदार म्हणतील, तुम्हाला लिहायला काय जाते? आमच्याकडे मळ्याची जमीन चार गुंठे, बाकी सगळा सडा आणि वरकस. पोरे मुंबईला. आंब्याचे कलम लावले नाही तर खायचे काय? हे म्हणणे रास्त आहे, आणि ते बाजूला सारून कुणी प्राणी वाचवायच्या गोष्टी करू नयेत. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, शंभर टक्के अनुदानाची सोय झाली आणि कोकणातल्या पडीक डोंगरांवर हापूस-काजू उभे राहिले. त्या योजनेने पुष्कळ घरांना आधार दिला. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याबद्दल दुमत नाही.

दुमत आहे ते पद्धतीबद्दल. सुरुवातीला मातीच्या जागा बघून, डोंगरउतारावर खड्डे मारून कलमे लावली गेली. त्या जागा संपल्या तेव्हा निव्वळ कातळाची पाळी आली. कातळात सुरुंग लावायचे, खड्डे फोडायचे, खालून ट्रकने माती वाहून आणून ते भरायचे, चारी बाजूंनी गडगा घालायचा. जिथून माती आणली तिथे एक खड्डा, जिथे टाकली तिथे एक बाग. त्याशिवाय चिरेखाणी आहेतच. कातळावरचे पाण्याचे खळगे बुजले, सुटे दगड गडग्यात गेले. म्हणजे वरच्या प्राण्याचे घर आणि पाणवठा दोन्ही एका हंगामात संपले.

हा नुसता अंदाज नाही. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या आणि इतर अभ्यासकांनी कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात पाहणी करून, अखंड सडा, भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा यांची तुलना केली. २०२५ साली ती प्रसिद्ध झाली. बागांमध्ये उभयचरांची विविधता सर्वांत कमी आढळली. भातखाचरात बेडूक संख्येने भरपूर होते, पण ते सगळीकडे आढळणाऱ्या जातींचे. सड्याचे म्हणून जे खास, ते तिथे मागे पडले होते. माझ्या मते या पाहणीतला शेतकऱ्याच्या कामाचा भाग हा, की भातशेतीने बेडूक हद्दपार केलेला नाही. मळ्याचा आणि बेडकाचा संसार जुना आहे. तो मोडतो सुरुंगाने.

बेडकाचा शेतीला उपयोग काय, हा प्रश्न आपल्या देशाने एकदा पैसे मोजून शिकलेला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला चार हजार टनांपर्यंत बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या, युरोप-अमेरिकेतल्या खाणावळींसाठी. एक टन तंगड्यांसाठी किती बेडूक लागत असतील, हिशेब ज्याने त्याने करावा. शेतातले बेडूक कमी झाले, किडी वाढल्या, कीटकनाशकांवरचा खर्च वाढला, अशी ओरड झाली आणि १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. शेजारी गोव्यात आजही पहिल्या पावसात बेडूक पकडणाऱ्यांवर वनखात्याला गस्त घालावी लागते. आपल्याकडे बेडूक खात नाहीत, पण त्याच रात्री डांबरी रस्त्यावर गाड्यांखाली किती चिरडतात, ते सकाळी दूध घालायला निघणाऱ्याला विचारा.

देवगांडुळाने बाग वाळवीमुक्त होईल, असा दावा मी करणार नाही. असे दावे करणारे बाजारात आधीच पुष्कळ आहेत. पण कलमाच्या मुळाशी लागणारी वाळवी हे त्याचे खाणे आहे, आणि तो जमिनीत फिरताना बिळे करतो, त्या बिळांतून पाणी मुरते, एवढे नक्की. औषध मारायचा पंप पाठीला लावण्यापूर्वी हेही ध्यानात धरावे, की उभयचराची कातडी म्हणजे चाळणी आहे. तो कातडीवाटे पाणी पितो, श्वासही घेतो. तणनाशक मारले की ते थेट आत जाते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका शास्त्रज्ञाने २००५ साली दाखवले, की ग्लायफोसेटचे बाजारात मिळणारे तणनाशक डबक्यात पडले तर बेडकांची पिल्ले मोठ्या संख्येने मरतात. आपल्या सरकारनेही २०२२ साली ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले. तरी गड्याची मजुरी परवडत नाही म्हणून बांधावर, पाटाच्या कडेला, गडग्याच्या बुंध्याशी ते सर्रास मारले जाते. मजुरीचा प्रश्न खरा आहे. निदान पाणी वाहते त्या कडेला विळा आणि बाकी ठिकाणी पाहिजे तर पंप, एवढा फरक करायला हरकत नसावी.

आणि पाण्याचे काय? मुरुडकरांनी आसूदकडे पाहावे. केशवराजाच्या देवळातल्या गोमुखातून बारा महिने पाणी पडते. खालच्या नारळी-पोफळीच्या बागा पाटाच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत. डोंगराच्या पोटातले हे पाणी वरच्या सच्छिद्र जांभ्यात मुरलेल्या पावसाचे असते. कोकणात सड्याच्या कडेला, उतारावर जागोजाग असे झरे आहेत, त्यांच्यावर पऱ्ये आणि विहिरी चालतात, आणि त्यांच्यावर आगरे. वर सुरुंग लावायचा आणि एप्रिलमध्ये खाली टँकर मागवायचा, ही दोन कामे एकाच ग्रामपंचायतीच्या एकाच इतिवृत्तात आली, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, असा प्रश्न एखाद्या सदस्याने विचारायला हवा.

किनाऱ्यावर आपण वेगळे वागलो, हे कबूल केले पाहिजे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तोवर घरटे दिसले की अंडी उकरून नेली जात. पुढे वनखाते आले, कांदळवन प्रतिष्ठान आले, गावोगाव कासवमित्र नेमले गेले. वेळास, केळशी, आंजर्ले, मुरुड अशी किनाऱ्याची रांगच तयार झाली. २०२२ साली कासवांच्या पाठीवर उपग्रहाचे यंत्र बसवले गेले. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला येऊन अंडी घालून गेली. पूर्व किनाऱ्याची कासवे निराळी आणि पश्चिमेची निराळी, ही समजूत त्या एका मादीने डळमळीत केली. या सगळ्यात गावाला मान मिळाला, कासवमित्राला मानधन मिळाले, घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना पाहुणे मिळाले.

मग सड्यावर तसे का होत नाही? उत्तर उघड आहे. कासवाचे पिल्लू गोड दिसते, ते पाण्याकडे धावताना बघायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात. देवगांडूळ बघायला कोण येणार? फोटोत तो गांडुळासारखाच दिसतो. त्याच्या नावाने महोत्सव भरणार नाही आणि भरवूही नये. शंभर पाहुणे दगड उलथायला लागले तर तेही संकटच. म्हणून त्याच्या रक्षणाची वाट पर्यटनातून जाणार नाही. ती ग्रामपंचायतीच्या कपाटातून जाते.

त्या कपाटात एक वही आहे. जैवविविधता कायदा २००२ चा, महाराष्ट्राचे नियम २००८ चे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार केली पाहिजे. वर्षानुवर्षे कुणी तिकडे पाहिले नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, न झाल्यास प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील अशी तंबी दिली, आणि राज्यभर वह्या भराभर भरल्या गेल्या. अशा घाईत भरलेल्या वहीत आंबा, फणस, काजू, गाय, म्हैस, कावळा, चिमणी येणारच. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (ग्रामसेवक म्हटलेले लोकांना अजून जवळचे वाटते) आपली वही एकदा उघडावी. उभयचर या रकान्यात 'बेडूक' एवढा एकच शब्द असेल, तर ती वही अजून भरलेली नाही असे समजावे. सड्यावरच्या पाणथळ जागा गट नंबरासह लिहिल्या आहेत का, हेही पाहावे. कारण उद्या खाण किंवा कारखाना आला आणि सुनावणी लागली, तर 'इथे काही नाही' या अहवालातल्या वाक्याला उत्तर द्यायला गावाच्या हातात ही वहीच असणार आहे.

वही पुरेशी नसेल तर कायद्यात पुढची पायरीही आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला. २०२० साली तो नवी जात म्हणून जाहीर झाला आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटाएवढ्या माशासाठी हे होऊ शकले. देऊळ तसेच राहिले, पूजाअर्चा तशीच चालू आहे, कुणाची जमीन गेली नाही. एखाद्या सड्याचा गावठाणाच्या किंवा देवस्थानाच्या मालकीचा तुकडा, त्यावरच्या तळ्यासह, असा राखता येईल. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून सडा म्हणजे काहीतरी मोलाचे आहे एवढे तरी लोक बोलू लागले आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणी माणसाने त्या दगडावर प्राणी कोरले, ते आपण जपतो. दगडाखालचे जिवंत प्राणी त्याच सुनावणीत, त्याच ठरावात बसवता येतील. वेगळा खर्च नाही.

बागायतदारांसाठी मागणे लहान आहे. नवी बाग करताना सगळा कातळ फोडू नये. जिथे पाणी साठते तो खळगा, आणि त्याभोवती दहा-वीस पावले जागा, सुट्या दगडांसकट तशीच सोडावी. त्या जागेत कलम तसेही धड येत नाही, मुळाशी पाणी राहून मरते. फळबाग लागवडीच्या अनुदानात सुरुंगाने फोडलेल्या कातळाला आणि मातीच्या उताराला एकच माप लावू नये, ही मागणी कृषी खात्याकडे कुणीतरी करायला हवी. दापोलीला आपल्या उंबऱ्यावर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. सड्यावरची बाग आणि सड्याचे पाणी या दोहोंचा एकत्र हिशेब त्यांनी मांडला, तर शेतकरी तो नक्की वाचतील, कारण त्यात त्यांच्या विहिरीचा प्रश्न आहे. जगभरातल्या उभयचरांपैकी दर पाचातल्या दोन जाती धोक्यात आहेत, असे २०२३ साली जाहीर झालेल्या मोठ्या जागतिक पाहणीत निघाले. पण देवगांडुळांच्या कित्येक जातींबद्दल धोक्यात आहे की नाही हे सांगण्याइतकीही माहिती गोळा झालेली नाही. ती गोळा होणार ती नांगर धरणाऱ्याच्या हातून. मुंबई-पुण्याचा अभ्यासक वर्षातून चार दिवस येतो. शेतकरी त्याच मातीत रोज असतो.

तेव्हा यंदा नांगराच्या तासात असा जीव वर आला, तर घाव घालू नये. हात ओला करून उचलावा, कोरड्या हाताने त्याची कातडी सोलवटते. ऊन लागू देऊ नये. फोटो दोन काढावेत, एक डोक्याकडून आणि एक आडवा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. फोटोबरोबर गाव, वाडी, तारीख आणि जागा मळ्याची की सड्याची हे लिहून समितीच्या सचिवांकडे द्यावे, आणि त्यांनी ते वहीत चिकटवावे. मग त्याला बांधाच्या सावलीत, ओल्या पाल्याखाली सोडून द्यावे. मीठ मात्र टाकू नये.